शामरावांची नडगी

ताहिर मुकादमच्या हातात कुठलीही वस्तू द्या, ती कशी दिसते याच्याशी त्याला देणंघेणं नसायचं. ती कशाला जोडायची आहे, एवढंच तो विचारायचा. यात त्याचा दोष नाही. जयगडच्या खाडीकाठी ज्याच्या तीन पिढ्या होड्या बांधण्यात गेल्या, त्याला सांध्यांचं वेड असणारच. गावातला होड्यांचा धंदा बसला तेव्हा तो बहारीनला आला, लाकूड सोडून लोखंडाला लागला, आणि आता वयाच्या चोपन्नाव्या वर्षी मुहर्रकमधल्या एका वर्कशॉपचा फोरमन होता. प्रदर्शनांना लागणाऱ्या फ्रेमा, कमानी, मांडण्या हे वर्कशॉप बनवायचं. विमानतळ इतका जवळ होता की दर दहा मिनिटांनी बोलणं थांबवावं लागायचं. ताहिरला त्याचा फायदाच वाटायचा, कारण मॅनेजर नजीबची निम्मी वाक्यं त्या आवाजात बुडायची.

त्या ऑक्टोबरात नजीबनं नवं काम आणलं. सनाबिसच्या एका हॉलमध्ये दोन महिने डायनासोरांचं प्रदर्शन भरणार होतं आणि सांगाडे उभे करायचं काम या वर्कशॉपकडे होतं. नजीब आधी खूश झाला. मग यादी वाचली आणि त्याचं तोंड उतरलं. पोरासोरांना पाठ असलेला तो मोठ्या दातांचा प्राणी यादीत नव्हताच. होती ती सगळी भारतातल्या मातीतली, कुणी नाव न ऐकलेली मंडळी. गोदावरीच्या खोऱ्यातला बारापासॉरस, चंद्रपूर जिल्ह्यातला इसीसॉरस, कपाळावर आखूड शिंग असलेला नर्मदेकाठचा राजासॉरस. आणि सगळ्यात शेवटी एक प्राणी असा, की ज्याला अजून नावच नव्हतं. बिननावाचं जनावर बघायला लोक तिकीट काढून कशाला येतील, असा नजीबचा सवाल होता. सवाल अगदीच गैर नव्हता.

हे सगळं जिच्या डोक्यातून निघालं होतं ती डॉ. संघप्रिया मेश्राम हाडांच्या पेट्यांबरोबरच नागपूरहून आली. वय छत्तीस, उंची बेताची, आवाज चढवायची सवय नाही. भारतातून परदेशी गेलं की मराठी माणूस मराठी माणसाला पहिल्या पाच मिनिटांत दोन प्रश्न विचारतो, ते ताहिरनंही विचारले. गाव कुठलं आणि आडनाव काय. गाव वरोऱ्याकडचं, असं ती म्हणाली. आडनाव सांगितलं आणि जरा थांबली, त्याचा चेहरा वाचत. ताहिरला मुकादम, परकार, खोत, तांडेल ही माणसं आडनावावरून गावासकट सांगता यायची, पण मेश्राम म्हणजे काय हे त्याच्या बापजन्मात त्याला ठाऊक नव्हतं. तुमच्याकडं मासेमारीचा धंदा का, असं त्यानं विचारलं. संघप्रियाला हसू आवरेना. आडनाव ऐकून ज्याला काहीच कळलं नाही असा मराठी माणूस आयुष्यात पहिल्यांदा भेटला, असं ती म्हणाली. ताहिरला त्यातलं फारसं समजलं नाही, पण बाई बरी आहे एवढं समजलं.

काम सुरू झालं. बहुतेक हाडं फायबरची, मूळ हाडांचे साचे घेऊन बनवलेली. बिननावाच्या प्राण्याचं कमरेचं हाड, मांडीचं हाड आणि शेपटीचे चार मणके असे सहाच तुकडे साच्यातले होते. सातवा तुकडा मात्र अस्सल होता. हातभर लांबीची नडगी, काळपट आणि चकचकीत. त्या एका हाडासाठी परवानग्यांचा गठ्ठा वेगळा आला होता.

सात हाडांवरून अख्खा प्राणी कसा ओळखता, हे ताहिरनं तिला विचारलं. तिनं त्याला कमरेचं हाड दाखवलं. त्याच्या खालच्या कडेतून एक खुंटी निघाली होती, पुढच्या हाडाच्या खाचेत बसण्यासाठी. ताहिरनं ती खुंटी बोटांनी चाचपली आणि त्याचे डोळे चमकले. खुंटी आणि खाच. त्याचा बाप होडीच्या नाळेच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, लाकडाला असाच सांधा करायचा. संघप्रिया सांगत होती की आकारावर, दातांवर जायचं नसतं. देवमासा मोठा आणि हत्ती मोठा, म्हणून ते भाऊभाऊ होत नाहीत. असल्या बारीक खुणा शोधायच्या, ज्या एका पूर्वजाकडून सगळ्या कुळात उतरतात. ही खुंटी ज्या कुळात दिसते त्या कुळातले प्राणी आखूड हातांचे, बसक्या तोंडाचे शिकारी. राजासॉरस त्यांतलाच. नडगीच्या वरच्या टोकाला कुऱ्हाडीच्या पात्यासारखा कंगोरा असतो, तीही त्याच कुळाची खूण. पण आपल्या या नडगीवर कंगोऱ्याच्या बाजूला एक खोल पन्हळ आहे, आणि ती जगातल्या दुसऱ्या कुठल्याच नडगीवर नाही. तेवढ्या पन्हळीवर नवी जात उभी राहते.

आणि नव्या जातीला नाव लागतं. ते तिनं ठरवलेलं होतं. जातीचं नाव तिच्या वडिलांच्या नावावरून पडणार होतं, कारण ती नडगी त्यांना सापडली होती.

शामराव मेश्राम यांची गोष्ट ती कामाच्या अधूनमधून तुकड्यांनी सांगायची. जन्मभर शेतमजुरी केली. पुढं सरकारकडून दोन एकर वावर मिळालं. त्या वावरात १९८४ सालच्या उन्हाळ्यात त्यांना हे हाड सापडलं. गावातली माणसं असल्या दगडांनी बांध घालायची, शामरावांनी ते घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली ठेवलं. दर वर्षी धुऊन त्याला जवसाचं तेल चोळलं, म्हणून ते असं चकचकीत. त्या हाडाकडं बघत मोठी झालेली मुलगी भूशास्त्र शिकली. मग तिनंच सहा वर्षांपूर्वी बापाच्या वावरात माणसभर खोल खड्डा खणला, तर खरोखर कमर, मांडी आणि मणके निघाले. तिचा शोधनिबंध मंजूर झाला होता, महिन्याभरात छापून येणार होता. शामराव एक्याऐंशी वर्षांचे होते. पुढच्या आठवड्यात गुरुवारी उद्घाटन झालं की त्यांना व्हिडिओ कॉलवर सांगाडा दाखवायचा, असं तिनं ठरवलं होतं. त्यासाठीच ती इतकी धडपडत होती, हे ताहिरला न सांगता कळलं.

म्हणून तर त्यानं ठरवलं की या बिननावाच्या जनावराचा गुडघा आपण असा बसवू की बघणाऱ्यानं नाव काढावं. आणि इथंच त्यानं माती खाल्ली.

होडीच्या सुताराची एक रीत असते. दोन लाकडं जुळतात की नाही हे डोळ्यांनी बघायचं नाही. एकाला रंगाची पूड फासायची, दुसरं त्यावर दाबायचं आणि उचलायचं. पूड सगळीकडं सारखी लागली तर सांधा बसला, नाहीतर रंधा मारायचा. ताहिरनं जमीलाच्या, म्हणजे बायकोच्या, स्वयंपाकघरातली पातळ प्लॅस्टिकची फिल्म आणून नडगीचं टोक गुंडाळलं, फायबरच्या मांडीला निळी पूड लावली आणि दोन्ही एकमेकांवर टेकवली. उचलून बघतो तर निळा डाग रुपयाएवढा, तोही दोनच ठिकाणी. बाकी सगळी पोकळी. त्यानं तीनदा करून पाहिलं. मग त्याला घाम फुटला. ही नडगी या मांडीची नव्हेच.

संघप्रियानंच त्याला जबलपूरची गोष्ट सांगितली होती. शंभर वर्षांपूर्वी तिथं एका साहेबानं एका टेकडीतली हाडं गोळा करून चिलखतवाला प्राणी जाहीर केला, आणि पुढं कळलं की हाडं एकाची नि चिलखत दुसऱ्याचंच. तसंच हे झालं म्हणायचं. ताहिर दोन दिवस गप्प राहिला आणि शुक्रवारी जुम्म्यानंतर तिला गुदैबियातल्या आपल्या घरी जेवायला बोलावलं. वाईट बातमी उपाशीपोटी देऊ नये, असं त्याच्या घरात मानत.

जमीलानं तांदळाच्या भाकऱ्या आणि कोंबडीचं सालण केलं होतं. दोन घास पोटात गेल्यावर ताहिरनं निळ्या डागांची हकीकत सांगितली, खाली मान घालून, स्वतःच काही फोडल्यासारखी. संघप्रियानं ऐकून घेतलं. मग ताटातली तंगडी उचलली, मांस सोललं आणि हाडाच्या टोकावरचं पांढरं, चिवट टोपण नखानं सोडवून त्याच्या ताटात ठेवलं. खालचं हाड केवढंसं नि टोपण केवढं, हे बघा म्हणाली. जिवंतपणी दोन हाडांच्या मध्ये ही कूर्चा असते. ती दगड होत नाही, कुजून जाते. डायनासोरांची तर बोटबोटभर जाड असायची. त्यामुळं हाडाला हाड घट्ट बसलं तरच शंका घ्यायची, बसलं नाही तर नाही.

जमीला खो खो हसली. बत्तीस वर्षं माझ्या हातची कोंबडी खातोस आणि गुडघा कसा असतो ते ठाऊक नाही, असं तिनं नवऱ्याला पाहुणीसमोर ऐकवलं. ताहिरही हसला, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या. लाकडाला कूर्चा नसते, एवढंच तो पुटपुटला. आडनावावरून धंदा ओळखायला गेला तेव्हाही असंच झालं होतं. एकुणात या बाईसमोर आपण दोनदा तोंडावर पडलो, हे त्यानं मनात नोंदवलं. आता तोंड उघडायच्या आधी शंभरदा विचार करायचा. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

सोमवारी नेमकं ते ताक समोर आलं.

नडगी अस्सल, तिला भोक पाडता येत नव्हतं. म्हणून ताहिर तिच्यासाठी पितळी पट्टीची, आतून नमदा, म्हणजे जाड लोकरी कापड, लावलेली पकड बनवत होता. पट्टी कुठं बसवावी हे पाहताना त्याला हाडाच्या मागच्या बाजूला बारीक छिद्र दिसलं. जिवंतपणी तिथून रक्ताची नळी आत जायची, हे संघप्रियानं दाखवलेलं होतं. छिद्राच्या तोंडाशी चाळीस वर्षांचं जवसाचं तेल वाळून राळ झालं होतं. त्यानं मऊ ब्रशनं झटकलं तर ती राळ खपलीसारखी निघाली, आणि आतून चिमूटभर माती त्याच्या तळहातावर सांडली.

ती माती हिरवट राखाडी होती. माती कसली, बारीक रेतीच.

मांडणीवर, दहा हातांवर, काचेची बरणी ठेवलेली होती. शामरावांच्या वावरातल्या खड्ड्यातली माती लोकांना बघायला मिळावी म्हणून संघप्रियानं मुद्दाम आणलेली. ती लालभडक चिकणमाती होती. ताहिरनं तळहात बरणीशेजारी धरला. डोक्यावरून एक विमान गेलं, मग दुसरं गेलं. त्यानं ती रेती चहाच्या कागदी कपात ओतली आणि कप शर्टाच्या खिशात उभा ठेवला.

बोलावं की बोलू नये, हा प्रश्न त्यानं नमाजापर्यंत ढकलला आणि नमाजानंतर जेवणापर्यंत. त्याला शास्त्रातलं काही कळत नव्हतं, हे तर सिद्धच झालेलं. कदाचित या रेतीचंही काही कोंबडीसारखं साधं उत्तर असेल आणि तिसऱ्यांदा हसं होईल. हसं झालेलं परवडलं. खरं भय वेगळं होतं. या वेळी आपण बरोबर असलो तर म्हाताऱ्याचं नाव जाईल, आणि ते घालवणारा माणूस आपण असू. उद्घाटनाला तीन दिवस होते. कप कचऱ्यात टाकला असता तर अल्लाखेरीज कुणाला कळलं नसतं. पण त्याचा बाप म्हणायचा की सुतारानं लपवलेली फट दर्याला बरोबर सापडते, आणि बापाचं हे वाक्य त्याला आयुष्यात नको तेव्हाच आठवायचं.

तीन वाजता संघप्रिया आली. त्यानं कप तिच्या हातात दिला.

"बाय, मना यातला काय कलत नाय," तो म्हणाला. "नडगीच्या भोकातून निघाला. रंग बघ."

तिनं भिंगातून पाहिलं. दोन कण जिभेवर घेऊन दातांखाली चावले. मग बरणीकडं पाहिलंच नाही, तशी गरज नसावी. खुर्ची ओढून बसली. ताहिरनं ग्राइंडर बंद करायला सांगितला.

मग ती बोलू लागली ती त्याच्याशी कमी आणि स्वतःशी जास्त. ही हिरवी रेती तिकडं आहे, पण खूप खाली. लाल चिकणमातीच्या खालचा, तिच्या कितीतरी आधीचा थर. आमच्या वावरातला खड्डा माणसभर खोल, तो तिथवर पोचलाच नाही. नांगरानं किंवा कुदळीनं हे हाड वर येणं शक्य नाही. त्या थरापर्यंत जायचं तर विहीर खणायला हवी. आणि आमच्या वावरात विहीर कधी नव्हतीच. त्या काळात नाल्यापलीकडं एकच विहीर खणली जात होती, मालगुजाराची, म्हणजे गावच्या जमीनदाराची.

हे सगळं तिनं अगदी कोरड्या आवाजात सांगितलं. तिनं बाबांना एकदाच विचारलं होतं, हाड कुठं सापडलं म्हणून. त्यांनी वावराकडं बोट दाखवलं. बापाला तोच प्रश्न दुसऱ्यांदा कोण विचारतं? शास्त्रात सगळं दोनदा तपासायचं असतं, हे ती दर वर्षी नव्या मुलांना शिकवत होती.

तिनं फोन लावला. वरोऱ्याकडं संध्याकाळचे साडेपाच झाले होते. पडद्यावर शामराव आले, कानटोपी घातलेले, मागं निळ्या भिंतीवर फोटोची चौकट. जय भीम झालं, तब्येतीचं झालं. ताहिर उठून जायला लागला तर तिनं हातानंच बस म्हणून खुणावलं. आडवळण न घेता तिनं विचारलं, हाड मालगुजाराच्या विहिरीतलं आहे का.

म्हाताऱ्यानं कानटोपी काढून मांडीवर ठेवली.

"तुले कोनं सांगतलं?"

"मातीनं, बाबा. हाडात राहिली होती थोडी."

"हाव," शामराव म्हणाले. "विहिरीचंच हाय."

पुढं ते सांगत गेले. विहिरीचं काम होतं, चाळीस हात खाली उतरले होते. टोपलीत हे आलं. दगड नव्हे, कोणाचं तरी हाड आहे, हे त्यांना हातात घेतल्याबरोबर उमजलं. वर निघालेले दगड फोडून विहिरीच्या कठड्यात भरत होते, हेही फुटलं असतं. म्हणून दुपट्ट्यात गुंडाळून घरी आणलं. पण मालगुजाराच्या वावरातला गोटाही मालगुजाराचा. त्याच साली एका गड्यानं तिथली चार बाभळीची लाकडं नेली म्हणून त्याला वडाला बांधून ठेवलं होतं, दिवसभर, आणि ते आपल्याच मोहल्ल्यातलं माणूस. मग घरी कुणी विचारलं तर ते आपल्या वावरात सापडलं म्हणू लागले. एकदा म्हटलं तर म्हणतच राहावं लागलं. पुढं मुलगी त्यावरच शिकली, मोठी झाली. मग तर तोंड उघडायची सोयच उरली नाही.

"भेव मालगुजाराचं नोतं मंग," ते म्हणाले. "तो तं मेला कवाच. तुयंच भेव होतं."

संघप्रियानं डोळे पुसले नाहीत, कारण ते ओले नव्हते. तिला राग आला होता. पण तो नक्की कुणावर काढावा हे कळत नव्हतं, आणि ज्याच्यावर काढायचा तो बऱ्याच वर्षांपूर्वीच राख होऊन गेला होता. तिनं बापाला सरळ हिशेब सांगितला. नडगी वेगळ्या काळातली, म्हणजे वेगळ्या प्राण्याची. दोन्ही मिळून जी जात तिनं मांडली ती उरत नाही. शोधनिबंध मागं घ्यावा लागेल. कमरेवरून नवी जात ठरतेही कदाचित, पण त्यासाठी पुन्हा सगळी मोजमापं, पुन्हा लेखन, पुन्हा परीक्षक.

किती दिवस लागतील, असं शामरावांनी विचारलं. वर्ष, कदाचित दोन, ती म्हणाली.

म्हाताऱ्यानं मनाशी काही बेरीज केली. ती काय होती हे तिघांनाही कळलं. एक्याऐंशी वर्षांच्या माणसाला दोन वर्षं म्हणजे किती, हाच तो हिशेब.

"नावाचं राहू दे," ते म्हणाले. "जागा खरी लिव."

यातली गंमत ताहिरच्या ध्यानात आली, पण ती बोलायची वेळ नव्हती. म्हातारा खोटं बोलला नसता तर ते दोन एकर कुणी खणलंच नसतं, आणि कमरेचं हाड, खुंटीसकट, अजून जमिनीतच असतं. घरी त्यानं हे जमीलाला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली की चोराच्या भीतीनं लपवलेलं ऐकलं होतं, चोर म्हणतील या भीतीनं लपवलेलं पहिल्यांदा ऐकतेय.

मंगळवारी नजीबला कळलं आणि त्यानं डोक्याला हात लावला. फ्रेम तयार, रंग दिलेला, फलक छापून आलेले. माफी मुश्किल, म्हणजे काही अडचण नाही, असं त्याचं म्हणणं पडलं, लावा ती नडगी तिथंच, कोण बघतंय, खलास. संघप्रियानं नागपूरला दोन फोन केले आणि तिथल्या साहेबांकडूनही बोलणी खाल्ली. पण ती हटली नाही. तिनं निबंध मागं घेतल्याची मेल त्याच दुपारी वर्कशॉपच्या बाकावर बसून पाठवली. ताहिरनं पाठवण्याआधी तिला चहा दिला. दुसरं त्याला काय करता येण्यासारखं होतं?

करता येण्यासारखं पुढं निघालं. त्यानं गुडघ्याखालची फ्रेम स्वतःच्या हातानं कापली. ते कापताना त्याला वाईट वाटलं. कूर्चेसाठी बोटभर जागा सोडून बसवलेला तो गुडघा झकास जमला होता. जनावर आता कमर, मांडी आणि चार मणके एवढ्यावर हवेत उभं होतं, बाकी सगळी नुसती लोखंडी रेघ. मग त्यानं नडगीसाठी वेगळं आसन बनवलं. सागाचं. वर्कशॉपच्या माळ्यावर दहा वर्षं एक सागाची फळी पडून होती. वेल्डिंग नाही, खिळा नाही. खुंटी आणि खाच. या वेळी त्यानं पूड फासून दाबलं तेव्हा निळा रंग काठोकाठ सारखा लागला.

फलकाचा प्रश्न उरला. अरबी आणि इंग्रजी ओळी छापणाऱ्यानं एका दिवसात बदलून दिल्या. हाड, नडगी, जात अनिश्चित. संघप्रियाला खाली मराठी ओळ हवी होती, आणि छापणाऱ्याकडं मराठी अक्षरं नव्हती. त्यानं जे करून आणलं त्यात वेलांट्या अक्षरांपासून सुटून पडल्या होत्या. ताहिरनं तो कागद बाजूला केला. लहानपणी त्याचा बाप होडी बांधायचा आणि होडीवर नाव काढायचं काम ताहिरचं असायचं. भरतीच्या वेळी, धक्क्यावरून, म्हाताऱ्या नाखव्याला वाचता यावं असं. अक्षरांसाठी ब्रश हातात धरल्याला तीस वर्षं झाली होती. त्यानं बुधवारी अख्खी दुपार त्या एका फळीवर घालवली आणि कुणाला जवळ फिरकू दिलं नाही.

गुरुवारी अकरा वाजता उद्घाटन झालं. पाहुणे आले, फीत कापली गेली. शाळेची मुलं राजासॉरसपुढं गर्दी करून उभी राहिली, बिननावाच्या प्राण्यापाशी थोडी घुटमळली आणि याचा पाय कुठं गेला असं इंग्रजीतून विचारू लागली. संघप्रिया त्यांना न कंटाळता सांगत होती की अजून सापडलेला नाही. आम्हाला वाटलं होतं की सापडलाय, पण आमची चूक झाली. मुलांना ते फार आवडलं, मोठ्यांना तेवढं नाही.

गर्दी ओसरल्यावर तिनं गावी फोन लावला. शामराव इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. तिनं फोन ताहिरकडं दिला. ताहिरनं आधी सांगाडा दाखवला. शामरावांनी तो पाहिला, मान हलवली, आपल्या वावरातलं जनावर मोठं होतं म्हणाले. मग त्यानं नडगीकडं कॅमेरा वळवला. सागाच्या आसनावर ती एकटी उभी होती, तेल चोळलेली, आणि खाली फळीवर पांढऱ्यावर निळ्या रंगात तीन ओळी होत्या.

नाल्यापलीकडचं वावर, मालगुजारांची विहीर, चाळीस हात खोल.
उन्हाळा १९८४.
काढणारे व जपणारे : शामराव मेश्राम, शेतमजूर.

अक्षर दिसत नसेल म्हणून ताहिर फोन घेऊन पुढं सरकू लागला. शामरावांनी त्याला थांबवलं. चष्मा वर केला, पुन्हा खाली घेतला आणि एकेक शब्द ओठांनी जुळवत तिन्ही ओळी वाचल्या. मालगुजार या शब्दाशी ते अडखळले. मग पहिल्यापासून पुन्हा वाचल्या, या खेपेला मोठ्यानं, दार उघडं असताना, शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.

"राहू दे भाऊ, तेथंच उभा राय," ते ताहिरला म्हणाले. "दुरून बी वाचता येते."